अंगठीने लिहिलेलं नाव

"या द्वारका कोण?" पासपोर्ट कार्यालयातल्या बाईंनी शाळेचा दाखला पुढे सरकवला, तसे मुकुंदराव चष्मा सावरत त्यावर वाकले.

"मीच ती," शेजारी बसलेली त्यांची बायको अनुपमा म्हणाली. "माहेरचं नाव. लग्नात बदललं."

"मग प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रांत जाहिरात द्या आणि पुन्हा या. लवकर हवा असेल, तर तत्काळचे पैसे वेगळे."

लवकरच हवा होता. मस्कतला लेकीचे दिवस भरत आले होते. "दोघंही या," असा तिचा धोशा होता; पण दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं झेपेनात, म्हणून गुडघेदुखीची सबब सांगून मुकुंदरावांनी आपलं जाणं आधीच रद्द केलं होतं. आता हिचंही अडलं.

बाहेर येताच ती म्हणाली, "तुमचे कागद तरी सरळ आहेत. तुम्हीच जा."

"आणि बाळंतपण मी करू?" ते खेकसले.

खरा राग स्वतःचाच आला होता. द्वारका हे नाव जुनाट वाटतं, म्हणून त्यांनीच हट्टाने बदललं होतं. मांडवात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिताना काय ऐट होती!

आवारातल्या नळाखाली त्यांनी बोट धरलं आणि रुतून बसलेली अंगठी पिळायला सुरुवात केली.

"अहो, काय करताय? हिनेच नाव लिहिलं होतंत तुम्ही माझं!"

"घोळ हिने घातलाय, तर हिलाच निस्तरू दे," अंगठी मुठीत घेत ते म्हणाले. "चल द्वारका, सराफाकडे."