फट नसलेलं घर

मनीषनगरातलं घर धोंडबा मिस्त्रींनी स्वतः बांधलं होतं. भिंतींवर एकवीस दिवस पाणी मारलं होतं त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईनं. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

मे महिन्याच्या दुपारी एसीचा गारवा कुठून निसटतो ते तपासायला इंजिनिअर पायल आली. तिच्या कॅमेऱ्यात गार जागा निळी दिसे, गरम जागा लाल. सगळ्या भिंती निळ्या होत्या.

"काका, एक फट नाही!"

"मिस्त्री कोन हाय वं?" धोंडबांची छाती फुगली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र लाल पंजा दिसला, बाईमाणसाचा.

"इथून गर्मी येऊन राहिली, काका. फोडून पाहा लागते."

"तुह्या काकूनं भिजवलेली भिंत हाय. फोडू देनार नाही."

धोंडबांनी तिथं तळवा टेकवला. भिंत गार होती.

कॅमेऱ्यात लाल बोटं हलली आणि त्यांच्या बोटांत गुंतली.