बघू, कळवतो

हॉटेलात जेवायला बसताना विमने आपलं नावाचं कार्ड दोन्ही हातांत धरून, किंचित वाकून पुढे केलं आणि काहीतरी बिनसलंय हे शिन गनफूने ओळखलं.

अठरा वर्षांची ओळख. हा हॉलंडचा माणूस दर साली निंगबोजवळच्या या गावी यायचा आणि शिनच्या कारखान्यातल्या इस्त्र्या जहाजावर चढवून न्यायचा. त्याचं जुनं कार्ड शिनच्या टेबलाच्या काचेखाली कधीचं पिवळं पडलं होतं. घरच्या माणसाला कुणी कार्ड देतं का?

"कंपनीने शिकवणी लावली होती," विम मोडक्यातोडक्या चिनीत म्हणाला. "चिनी रीतभात. दोन दिवस."

"दोन दिवसांत शिकलात?" शिनची बायको आयजू हसली. "ह्यांनी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा नाही डोक्यात शिरलं, विमभाऊ!"

खरंच शिरलं नव्हतं. पहिल्या वर्षी याच हॉटेलात, असेच गोल टेबलाशी बसलेले असताना, वरची बाजू संपल्यावर विमने मासा सरळ उलटा केला होता आणि आयजू किंचाळली होती. समुद्राकाठच्या घरात मासा कुणी उलटत नाही. ताटात मासा उलटला की दर्यावर होडी उलटते. शिनचा बाप होडीवरच म्हातारा झालेला. मधला काटा उचलायचा आणि खालचं खायचं, हे शिनने विमला करून दाखवलं. "नसती कटकट," असं म्हणून विमने पुढच्या वर्षी पुन्हा मासा उलटा केला. भाव ठरवताना तर तो टेबलावर मूठ आपटायचा. महाग आहे. नको. हँडल भिकार आहे. शिन जेवण अर्धवट टाकून उठायचा, विम मागून धावत यायचा आणि जिन्यात सौदा पटायचा.

आज दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची विमने आधी नको नको म्हटली, मग घेतली. पेले भिडवताना मान म्हणून आपला पेला शिनच्या पेल्याच्या खाली नेला. यजमानाने पोटभर वाढलं हे दाखवायला ताटात घासभर शिल्लक ठेवलं. शेजारचं द्वाड पोर पास झाल्यासारखी आयजू कौतुकाने बघत होती.

शिन मात्र दमून गेला होता. वसंताच्या सणापासून, म्हणजे चिनी नववर्षापासून, कारखान्यातली निम्मी यंत्रं झाकून ठेवली होती. उरलेली निम्मी विमच्या हिवाळ्याच्या मालावर चालायची. तो माल गेला तर दाराला कुलूप. जेवताना धंद्याचं बोलायचं नाही, ही रीत विमला त्यानेच शिकवली होती. आज त्यानेच ती मोडली.

"हिवाळ्याच्या मालाचं काय?"

"इस्त्री चांगली आहे, शिनदादा."

"आणि भाव?"

"भावही चांगला आहे."

"हँडल?"

"उत्तम."

ज्या हँडलला हा माणूस इतकी वर्षं शिव्या घालत आला, ते आज उत्तम झालं! शिनने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"मग ऑर्डर देतोस?"

विमने शिनचा पेला भरला. "बघू," तो म्हणाला. "कळवतो."

शिनला हे शब्द तोंडपाठ होते. सकाळीच खोकी पुरवणारा फान कारखान्यात आला होता, पुढचं काम मिळेल का विचारायला. काम नव्हतंच. शिनने त्याला चहा पाजला, सिगारेट दिली, मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि "बघू, कळवतो" म्हणून वाटेला लावलं. फान आभार मानत गेला होता. करावं तसं भरावं, दुसरं काय.

"विम, भांड की जरा माझ्याशी," शिन म्हणाला. "हँडल भिकार आहे म्हण."

विमचे कान लाल झाले. "जेवताना वाईट बोलायचं नसतं, दादा. तुम्हीच सांगितलंत."

माशाची वरची बाजू संपली होती. विमने काड्यांनी मधला काटा अलगद धरला आणि उचलू लागला.

"बघा, बघा! कसं नीट करताहेत!" आयजू म्हणाली.

"राहू दे ते," शिन म्हणाला. त्याने आपल्या काड्या माशाखाली घातल्या आणि मासा उलटा केला.

रस्सा टेबलावर उडाला. "अहो!" आयजूचा हात तोंडावर गेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग विमकडे पाहिलं, आणि ती रुमालाने रस्सा टिपू लागली.

विमने काड्या ताटाच्या कडेला ठेवल्या.

"नाही, शिनदादा," तो शेवटी म्हणाला. "माल नको. या वर्षी नको, पुढेही नको. साहेबांनी दुसऱ्या देशातून घ्यायचं ठरवलंय. मी खूप भांडलो."

"आत्ता कसा माणसासारखा बोललास."

शिनला वाईट वाटायचं ते वाटतच होतं, पण समोर पुन्हा ओळखीचा विम बसला होता. माशाच्या गालाचा मऊ तुकडा पाहुण्याचा असतो. तो त्याने काढून विमच्या ताटात वाढला.

"खा. थंड होतंय."

विम मान खाली घालून खाऊ लागला. शिनने बायकोपुढे हात केला.

"फोन दे गं जरा."

"आत्ता? जेवण सोडून? कुणाला करताय?"

"फानला," शिन म्हणाला. "बिचारा वाट बघत बसला असेल."