ग्लायडरच्या मिशा

“कुरतडल्या! पुन्हा मिशा कुरतडल्या हरामखोरांनी!”

हेमराजचा आवाज ऐकून सुखराम गोठ्यातून धावत ओसरीवर आला. पोरगा ग्लायडर मांडीवर उताणं घेऊन बसला होता. रिमोटवर उडणारं, बिनइंजिनाचं विमान ते. कार्बनचं काळं पोट, अन् पोटाला दोन बारीक भोकं. आत बसवलेल्या रिसीव्हरच्या अँटेनाची टोकं त्या भोकांतून बाहेर काढलेली असत. बोटभर लांब, काळी. हेमराज त्यांना मिशा म्हणे.

आता भोकं होती, मिशा नव्हत्या. तुटल्या जागी दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

“उंदीरच,” सुखराम म्हणाला. “दुसरं कोण खाईन?”

मागच्या खेपेला तर हेमराजनं मिशा आहेत का ते न पाहताच बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून ग्लायडर सोडलं होतं. जवळ होतं तोवर ऐकत होतं. बोडीचं पाणी ओलांडलं अन् सिग्नल तुटला. कार्बनमधून सिग्नल आत शिरत नाही, म्हणून तर मिशा बाहेर ठेवायच्या. त्या गेल्या की विमान बहिरं. हा इकडे रिमोटच्या दांड्या पिरगाळतोय, अन् ते तिकडे धानाच्या बांधीत नाक खुपसून मोकळं!

अन् आता हे. उद्या भंडाऱ्याच्या एका शाळेत त्याला ग्लायडर उडवून दाखवायचं होतं. पोरांना मॉडेल विमानं शिकवायला त्यांना मास्तर हवा होता. सारं कोंढा गाव ज्याला ‘विमानवाला’ म्हणून चिडवतो, त्याला त्या विमानानंच नोकरी लागायची ही एक संधी. घरात रिसीव्हरही आता एकच उरलेला. नवा मागवला तर कुरिअर यायला आठवडा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही खोटं नाही.

“बाबा, हे धानाचे पोते हलवा इथून. त्यायच्यापायीच उंदरं येऊन राहिले.”

“कुठं हलवू? डोक्यावर ठेवू का?”

“मीबी रातभर खुडबुड ऐकली ना,” शिलाई मशीनवरून सुलोचनाबाई म्हणाली. लेक ग्लायडर उडवून आला की ते खाटेवर टाकून द्यायचा. पुसून, तिनंच शिवलेल्या खोळीत घालून ठेवायचं काम या मायचं. त्यामुळे विमानाचं नुकसान तिलाही लागायचं.

“घ्या! उंदराले मांजर साक्ष,” सुखराम फणकारला. “मायलेकाचं एकच.”

तिनं नवऱ्याकडे लक्षच दिलं नाही. “इकडं ये रे हेमराज. कॉलरचा दोरा लोंबून राहिला.”

“माय, इथं माहा जीव चालला अन् तुले दोरा सुचून राहिला?”

पण तो वाकला. तिनं दोरा दातात धरून कट्कन तोडला. कात्री पोलक्यांच्या ढिगात कुठंतरी असायची अन् चष्मा खुंटीला. शोधत बसायला तिला वेळ नसे.

दिवसभर हेमराज धुमसत होता. बाप हलेना म्हणून एकट्यानं सगळी पोती गोठ्यात ओढून नेली. पिंजऱ्याला सुकी मासोळी लावली. शेवटचा रिसीव्हर बसवला, मिशा बाहेर काढल्या अन् ग्लायडर उंच आड्याला टांगून दिलं.

संध्याकाळी सुलोचनाबाईनं जाड कापडाची एक टोपी आणून दाखवली. ग्लायडरच्या नाकावर बसेल अशी, नाडी लावलेली.

“हे काय?”

“मिशा तोंडालेच असतात ना? आता पाहते कोण खाते.”

हेमराजनं कपाळावर हात मारला. रागानं अन् कष्टानं तो इतका पिचला होता की समजावत बसायचं त्राण उरलं नव्हतं. “राहू दे तिथं,” एवढंच म्हणाला.

सकाळी पिंजरा रिकामा होता. मासोळी तशीच. पण मिशा? दोन्ही शाबूत! त्यानं सुखरामच्या हातात ग्लायडर दिलं, “पोटाले हात लावू नका,” म्हणून बजावलं, अन् रिमोट घेऊन गल्लीच्या पार टोकाला गेला.

“हलली रे, शेपटी हलली!” सुखराम तिथून ओरडला. “पह्यल्यांदा काही कामाचं केलं लेका तू!”

आठवड्यात पहिल्यांदा हेमराज हसला. ग्लायडर खाटेवर ठेवून तो न्हाणीत पळाला. बसची वेळ होत आली होती.

सुलोचनाबाईनं रोजच्यासारखे पंख पदरानं पुसले. नाकावर टोपी चढवली, नाडी दोनदा आवळली. मिशा आता सुखरूप. “देवा, आज माह्या लेकराचं काम होऊ दे,” तिनं मनापासून हात जोडले. मग खोळीत घालायला ग्लायडर उलटं केलं, अन् थांबली.

“बाप्पा! साहेबलोकायपुढं असंच घेऊन जात होता पोट्टा!”

पोटाशी दोन दोरे लोंबत होते. तिनं कात्रीसाठी इकडंतिकडं पाहिलं, अन् ग्लायडर तोंडाजवळ नेलं.