हातोडीला उत्तर

जुन्या वर्गाच्या फ्रिगेटना निदान गोल खिडक्या तरी असायच्या. ही नवी युद्धनौका म्हणजे नुसती गुळगुळीत पेटी. रडारला चकवायचं म्हणून बाजूला एक भोकसुद्धा नाही.

गोदीतला रिवाज मात्र जुनाच होता. तळातल्या टाकीचं झाकण वेल्ड करण्याआधी हातोडीने ठोकायचं. आत कोणी राहिलं असेल, तर तो उलट ठोकतो.

वेल्डरने ठोकलं. आतून उत्तर आलं. ठक, ठक.

"अरे, सगळे जेवायला गेलेत," मुकादम म्हणाला. "काल शेजारच्या टाकीतही हेच. पाहिलं तर चिटपाखरू नाही. लोखंड तापलं की बोलतं."

उगाच जिवाला घोर नको म्हणून वेल्डर बॅटरी घेऊन आत उतरला. कानाकोपरा धुंडाळला. खरंच कोणी नव्हतं.

तो वळला, तर झाकण जागेवर बसलेलं. बाहेरून हातोडी वाजली. त्याने जिवाच्या आकांताने बॅटरी आपटली. ठक, ठक.

"ऐकलंस? परत बोललं," मुकादम हसला.

"बोलू दे. आत कोणी नाही, आत्ताच पाहून आलो मी."

आवाज वेल्डरचा स्वतःचा होता.

झाकणाची कड तांबडी होऊ लागली.