खाऱ्या पाण्याची टाकी

“टाकीत हात कोणी घातला?”

गणिताचे सर दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते. हातातल्या जाळीत दोन कोळंब्या होत्या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, करंगळीएवढ्या. दोन्ही मेलेल्या. तिसरी टाकीच्या तळाशी उताणी पडली होती.

घरात त्या वेळी तिघंच होती. सर, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. बायको कामावर गेली होती.

“मी विचारतोय, कोण?” सरांचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

सासूबाई स्वयंपाकघरातून काठी टेकत बाहेर आल्या. “मीच,” त्या म्हणाल्या. “सकाळी काच पुसायला गेले. साबणाचं फडकं होतं. आत गेलं असेल.”

मग सर अर्धा तास बोलत होते. सहा वर्षं गोड्या पाण्याची असलेली टाकी त्यांनी दोन महिने खपून खारी केली होती. जुने मासे शेजाऱ्यांना देऊन टाकले. तळातले खडे सात पाण्यांनी धुतले. बादलीत मीठ विरघळवून, खारटपणा मोजून, ते पाणी सहा आठवडे नुसतं फिरत ठेवलं. रोजचा आलेख काढून भिंतीवर चिकटवला. शाळेत तर लोकांचे कान किटेपर्यंत सांगून झालं होतं. आधी दोन मासे आणले. ते रुळले. मग चार दिवसांपूर्वी या कोळंब्या.

“आणि तुम्ही एका फडक्यानं सगळ्यावर पाणी फिरवलंत! जे समजत नाही त्याला हात लावावाच कशाला माणसानं?”

सासूबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. “चुकलंच माझं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मासे कसे आहेत?”

“मासे धडधाकट आहेत.”

“मग साबण नाही. साबण गेला असता तर मासेही तडफडले असते. मासे जगतात आणि कोळंबी मरते, म्हणजे पाण्यात तांबं आहे. गोड्या पाण्याची होती तेव्हा टाकीत औषध घातलं होतं का कधी? माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात त्यावरचं, निळं, तांब्याचं? ते खड्यांत मुरतं आणि वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा सुटत राहतं.”

सरांना ती बाटली लख्ख आठवली. स्वतःच्या हातानं थेंब मोजून घातले होते त्यांनी. टाकी बदलताना खडेही नवे घ्यावेत, हे त्यांनी वाचलं होतं. धुतले की झालं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “औषध वगैरे कधीच नाही.”

तरी तांबं तपासायचं साहित्य घेऊन ते घरी आले. बाथरूमचं दार लावून त्यांनी टाकीतलं पाणी तपासलं. तपासणीच्या नळीतल्या पाण्याचा रंग बदलला; तांबं होतं. त्यांनी नळी रिकामी केली, धुतली आणि खिशात लपवली.

सांगायला हवं होतं. जेवताना सांगू, असं त्यांनी ठरवलं. जेवण झालं. रविवारी सांगू म्हणाले, रविवारही गेला. बायकोनं दोनदा विचारलं, “आईचं काही बिनसलंय का हो?” सर म्हणाले, “गुडघा दुखत असेल.”

सासूबाई दिवाणखान्यात यायच्या बंद झाल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून असायच्या. कशालाही हात लावण्याआधी विचारायच्या. “हा डबा उघडू का?” “पंखा लावला तर चालेल?” एकदा त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मगच सरांसाठी कप उचलला. सरांनी तो चहा तसाच ठेवून दिला. वर्गात चूक कबूल न करणाऱ्या मुलांना ते तासभर उभं करत. आता फळ्याकडे वळून लिहितानाही त्यांचे कान तापायचे.

नवव्या दिवशी ते मधल्या सुट्टीतच घरी आले. मुलगी शाळेत होती, बायको कामावर. सासूबाई शेंगा सोलत होत्या. सर त्यांच्या स्टुलासमोर खाली फरशीवर बसले.

“आई, साबणानं काही झालेलं नाही. चूक माझी होती. पूर्वी औषध मी घातलं होतं, खडे मी बदलले नाहीत. आणि हे मला आठ दिवसांपासून माहीत आहे. तुम्हाला नाही नाही ते बोललो. आणि तुम्हाला तसंच राहू दिलं. लाज वाटते मला.”

सासूबाईंनी एक शेंग सोलून संपवली. “मी काच पुसलीच नव्हती, जावईबापू. त्या दिवशी टाकीजवळ फिरकलेसुद्धा नव्हते.”

“मग... मीच केलं असं का म्हणालात?”

“तुम्ही ओरडलात आणि आतल्या खोलीत कपाटाचं दार लागलं. पोरगी जाऊन लपली होती. मला वाटलं, हिनंच काहीतरी सांडलंय पाण्यात. म्हणून माझं नाव पुढे केलं.”

“पण तिनं तर काहीच...”

“काहीच केलं नव्हतं. तुम्ही बाहेर गेल्यावर मी कपाट उघडलं आणि विचारलं तिला. म्हणाली, बाबा ओरडले की मी इथंच येऊन बसते, आजी.” हातातली शेंग त्यांनी ताटात ठेवून दिली. “आत उशी नेऊन ठेवलीय तिनं. बसून बसून पार चपटी झालीय.”