अस्वलासाठी आणलेला चाकू

जंगलात मुक्काम होता अन् निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजायचा बेत. प्रेमनं कमरेला वीतभर पात्याचा, न मिटणारा चाकू लटकवलेला. बुलढाण्यापासून तो अस्वलाशी कसं लढायचं, तेच सांगत होता.

अश्विनीनं कांदे चिरायला चाकू मागितला, तर म्हणाला, "हा भाजीचा नाही. अस्वल आलं तर काय झाऱ्यानं मारू?" शेवटी आम्ही कांदे बुक्कीनं फोडले.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. प्रेमचे हात पिठात, म्हणून अश्विनीनं स्पीकर लावला.

"बापू, चाकू कांद्याले लावला तर नाही ना? गुण जाते त्याचा. उशाखाली घेऊनच झोपजो. नाहीतर पुन्हा भुताचं सपन पडन अन् 'आई, आई' करत उठशील!"