दोन पौंडांचं प्रेशर

जोतीरामआबांनी बॅटरीवरचा पंप गाडीच्या मागं, पेट्रोलच्या टाकीजवळ बसवला आणि हात पुसले.

"पंपाला ढकलायला सांगावं, वढायला न्हाई," ते म्हणाले.

"सांगा की. तुमचं कोण तरी ऐकू दे." बनुबाई चहा घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. "म्हस इकली आन् हितं हे धूड आणून बांधलं!"

धूड होतं खरं. अडतीस सालची मोटार, आबांनी सांगलीच्या लिलावात घेतलेली. पलटणीत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस, पेन्शनीत आल्यावर त्याला दुसरं काय सुचणार! चार वर्षं गाडी पळाली, मग बंद पडली. पाठोपाठ आबाही बंद पडले. छातीत कळ आली, महिनाभर मिरजेच्या दवाखान्यात काढला आणि घरी आले ते भिंतीकडं तोंड करून पडले. जेवण नको, बोलणं नको.

"औषध मी देतोय," डॉक्टर बनुबाईला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पण उठायचं मन त्यांनीच करायला हवं. असेच पडून राहिले तर दिवाळी दिसायची नाही."

त्यांना उठवलं पोरानं, आणि तेही चुकून. लालासाहेब साखर कारखान्यात कारकून. पेट्रोल एवढं महाग झालेलं, गाडी कशाला ठेवायची, म्हणून त्यानं कराडचा भंगारवाला बोलावला. आबांनी खाटेवरनं ऐकलं आणि काठी न घेता अंगणात आले.

"भंगार तुझा बाप!" ते गरजले. बाप आपणच, हे रागाच्या भरात ध्यानातच आलं नाही. "ही गाडी मी स्वतः चालवत म्हसवडला नेणार. सिद्धनाथाच्या दारात उभी करणार. मग बघू भंगार कोण ते!"

त्या दिवसापासून आबा गोठ्यात. पण नवा पंप पडला दांडगा. गाडी चालू केली की कार्बोरेटरमधनं पेट्रोल भळाभळा सांडायचं.

"आत बारकी सुई असती, ती पेट्रोल अडवती," आबांनी बनुबाईला समजावलं. "दोन पौंडांच्या वर प्रेशर गेलं की सुई हरती. लय कमी पडलं तर चढावर गाडी धापा टाकती." म्हणून त्यांनी दुसरी नळी टाकली, जास्तीचं पेट्रोल तिच्यातनं परत टाकीत.

"आन् ही परतीची नळी दबली तर?"

"तर सगळं प्रेशर फुडं. पुन्हा वकंल."

लालासाहेबही दारात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची नळी दबलेली निघाली. आबांचा अख्खा दिवस तिच्यात गेला. मग गाळणीत फडक्याचा बोळा सापडला. मग टाकी आणि पंपामधला सांधा ढिला. तो ढिला झाला की पंप पेट्रोलऐवजी हवाच ओढत बसायचा. एकाच आठवड्यात तो सांधा तीनदा सुटला.

"लाला, त्या भंगारवाल्यानं काय कबूल केलंय रं तुला?"

"शप्पत आबा, मी हात बी लावला न्हाई!"

"मग नट काय उंदरानं सोडला?"

"गोठ्याला कुलूप लावा की."

"कुलूप? माझ्या गाडीला?" आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "ज्याला यायचं त्यानं खुशाल यावं. त्यो रोज सोडंल, मी रोज आवळीन. बघू आधी कोण दमतंय!"

आबा काही दमले नाहीत. उलट दोन भाकरी जास्त खायला लागले. दसरा गेला. दिवाळीत त्यांनी ताटभर चकल्या संपवल्या आणि डॉक्टरच्या नावानं मनसोक्त शिव्या दिल्या.

मार्गशीर्षात बनुबाई चार दिवस भावाकडं गेली. परत आली आणि एस.टी.तनं उतरते तर काय, समोर गाडी उभी! आबा चाकामागं, प्रेशरच्या मीटरचा काटा दोन पौंडांवर ठाम, इंजिन एका लयीत चाललेलं. सगळा गाव गोळा झालेला.

"कारखान्याचा चढ एका दमात चढली!" आबा ओरडले. "बस!"

घरापर्यंत बनुबाईची नजर त्या काट्यावरनं हलली नाही.

अंगणात लालासाहेब वाकून पाया पडला. "जितलासा आबा. भंगारवाल्याला न्हाई म्हणून सांगून येतो."

"सांग! आन् म्हणावं, उद्या म्हसवडला जाताना तुझ्या दारात भोंगा वाजवणार हाय!"

पोरगा हसत सायकलवर बसून गेला. बनुबाई पायरीवर बसली. आता मात्र तिला रडू आवरेना.

"आवं, म्हसवड झाल्यावर फुडं काय?"

"फुडं काय म्हंजी? तू हायस की," आबा म्हणाले. "फकस्त नळी सोडताना पक्कड वापरत जाऊ नगंस, नटाच्या कडा झिजल्यात, मी तुला पाना काढून ठिवलाय."